आवृत्ती सहा पॉइंट दोन

"ढगे, हे दोन कागद बघ आणि मला सांग, मी आंधळा झालोय की तुझा प्रिंटर," मुजावरभाऊ म्हणाले आणि दोन्ही कागद त्यांनी माझ्या कीबोर्डवरच ठेवले.

दुपारचे पावणेचार वाजले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूचं शिबिर होतं. गावोगावहून आलेले एकशे अठरा पेशंट, पुण्याहून येणारे एक डॉक्टर आणि उद्घाटनाला पाच पाहुणे, प्रत्येकाचं भाषण वेगळं. ही गोष्ट दोन हजार दोन सालची. मुजावरभाऊ डोळ्यांची मापं घेणारे तंत्रज्ञ, वीस वर्षं त्याच खुर्चीवर. मी कॉम्प्युटर ऑपरेटर, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, हा दुसरा.

कागद दोन होते, पण यादी एकच. पहिला मी दोन वाजता छापला होता, वॉर्डासाठी. दुसरा साडेतीनला, ऑपरेशन थिएटरसाठी. सदतीस नंबरला हौसाबाई लवटे, उजवा डोळा. पहिल्या कागदावर डोळ्याची लांबी बावीस पॉइंट चार मिलिमीटर, दुसऱ्यावर तेवीस पॉइंट एक. म्हणजे दीड तासात बाईंचा डोळा पाऊण मिलिमीटर वाढला होता. असाच वाढत राहिला तर महिन्याभरात डोळा बाईंच्या आधी घरी पोचला असता.

"हसण्यावारी नेऊ नकोस," भाऊ म्हणाले. "आणखी सोळा ठिकाणी फरक आहे. मी पहिली दोनच पानं बघितलीत."

मी हसत नव्हते. मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंग बसवतात, आणि त्या भिंगाचा नंबर निघतो डोळ्याच्या लांबीवरून. लांबी एका मिलिमीटरने चुकली तर भिंग अडीच नंबरांनी चुकतं. भिंग म्हणजे काही चष्मा नव्हे, पटला नाही म्हणून फडताळात ठेवून द्यायला. एकदा आत बसलं की ते म्हातारीबरोबर थेट सरणावरच जातं.

"तुमच्याकडे मूळ मापं आहेत ना?" मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर आठवलं.

"कुठली मूळ मापं? आपण पेपरलेस झालो ना."

पूर्वी मशीनवर माप आलं की भाऊ ते पेशंटच्या केसपेपरवर लिहायचे. पण वर्षापूर्वी रुग्णालयाला गुणवत्तेचं मानांकन मिळालं, आणि त्याच्या तपासणीत आमचे प्रशासकीय अधिकारी रत्नपारखी साहेब 'आम्ही कागद वापरत नाही' असं बोलून बसले. तेव्हापासून भाऊ मशीनजवळून आकडा ओरडायचे आणि मी तो पलीकडच्या खोलीत टाइप करायची. मग भाऊ मशीन पुसून पुढचा पेशंट घ्यायचे. कागद वापरू नये हे सांगणाऱ्या परिपत्रकाच्या मात्र चार प्रती निघाल्या होत्या. त्यातली एक सूचनाफलकावर, एक संडासाच्या दारावर.

मी फाइल बंद केली, पुन्हा उघडली, हौसाबाईंचा आकडा बघितला. तेवीस पॉइंट चार. पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. हौसाबाई जागच्या जागी होत्या, पण आता खालच्या दगडू माने यांचा डोळा आखडला होता.

"भाऊ, व्हायरस आहे," मी म्हणाले. "फाइल उघडली की कुठलेतरी दोन-चार आकडे थोडे थोडे हलवतो. पार बिघडवत नाही, म्हणून कुणाला कळत नाही."

"अगं, पण आपल्याकडे ते अँटिव्हायरस आहे ना? सर्टिफिकेटवालं?"

होतं ना. मी ते भाऊंच्या समोरच चालवलं. चार मिनिटं एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे गेली आणि शेवटी एक बरोबरची खूण उमटली: एकही संसर्ग आढळला नाही, आपला संगणक सुरक्षित आहे. भाऊंनी पडद्याकडे बघितलं, हातातल्या कागदांकडे बघितलं, आणि एक शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही.

या सर्टिफिकेटची कथा सांगायलाच हवी. मानांकनाच्या अटींमध्ये एक ओळ होती की संगणकावर प्रमाणित अँटिव्हायरस असावं. साहेबांनी तीन कंपन्यांकडून माहिती मागवली आणि जिचं प्रमाणपत्र सगळ्यांत मोठ्या आकाराचं होतं तिचं सॉफ्टवेअर घेतलं. परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेने चाचणी घेतली होती आणि आमच्या सॉफ्टवेअरला शंभरपैकी शंभर मिळाले होते. साहेबांनी ते रंगीत छापून, काच लावून, संस्थापकांच्या तसबिरीशेजारी टांगलं. गुरुवारी शिपाई संस्थापकांना हार घालायचा तेव्हा एखादं फूल त्यालाही वाहायचा.

ती चाचणी कशी असते हे मी तेव्हा एका मासिकात वाचलं होतं. चाचणी घेणाऱ्यांकडे जुन्या, नामांकित व्हायरसांची एक यादी असते. ती कंपन्यांनाही ठाऊक असते. परीक्षेची तारीखही ठाऊक असते. आमच्या गावातल्या क्लासवाल्यांना एवढी सोय मिळाली असती तर गावात एकही पोरगा नापास झाला नसता. तरी माझा त्या चाचणीवर राग नाही. निदान कंपनीला घर झाडून ठेवावं लागतं. पण ते शंभर मार्क चाचणीच्या दिवसाचे असतात, आणि चोर काही परीक्षेच्या दिवशीच येत नाही. म्हणून तर कंपनी दर महिन्याला टपालाने एक सीडी पाठवायची, नव्या चोरांची नावं भरलेली. ती टाकायला दहा मिनिटं लागायची.

पहिली सीडी मी टाकली. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"हे कोपऱ्यात सहा पॉइंट दोन पॉइंट एक कसं आलं?"

"अपडेट केलं, सर."

"सर्टिफिकेटवर काय आहे?"

"सहा पॉइंट दोन."

"म्हणजे तुम्ही आपलं प्रमाणित सॉफ्टवेअर काढून अप्रमाणित बसवलंत. उद्या तपासणी आली तर मी काय दाखवू?"

मला आधी वाटलं साहेब चेष्टा करताहेत. पण चेष्टा त्यांच्या स्वभावात नव्हती. मला सगळं काढून मूळ सीडीवरून पुन्हा सहा पॉइंट दोन बसवावं लागलं, आणि संध्याकाळी परिपत्रक निघालं: प्रमाणित आवृत्तीमध्ये कोणीही कोणत्याही प्रकारचा बदल करू नये. त्यानंतर आलेल्या अकरा सीड्या माझ्या खणात पडून होत्या, प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या. शहाणपण माझ्या खणात आणि प्रमाणपत्र भिंतीवर, असा आमचा कारभार होता. आणि मीही काय केलं, तर दोन-चार मैत्रिणींना हा किस्सा सांगून त्यांना हसवलं. सीडी काही टाकली नाही.

तर मी आणि मुजावरभाऊ दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब पाहुण्यांच्या खुर्च्यांचा क्रम लावत होते. मी सांगितलं ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अँटिव्हायरस काय म्हणतंय?"

"ते म्हणतंय काही नाही. पण सर, ते जुनं—"

"म्हणजे ते म्हणतंय नाही, आणि तुम्ही म्हणताय आहे. ढगे, तुमच्या दोघांपैकी सर्टिफिकेट कुणाकडे आहे?"

"सर, हे आकडे बघा ना. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?"

"टायपिंगची चूक असेल."

"मी मधे टाइपच केलं नाही, सर."

भाऊ म्हणाले, "साहेब, सगळी मापं परत घेऊ. मी थांबतो."

"एका पेशंटला पाच मिनिटं धरा. एकशे अठराला किती होतात? दहा तास. सकाळी नऊला उद्घाटन आहे. डॉक्टर संध्याकाळी सहाला पुण्याला निघणार. आणि पाहुण्यांना मी काय सांगू, की आमच्या प्रमाणित रुग्णालयात मापं चुकली?" साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, लग्नाला साडी निवडावी तसे. "ही साडेतीनची ताजी आहे. हीच वापरा."

मग त्यांनी मला एक मजकूर सांगितला. 'सदर यादी प्रमाणित प्रणालीद्वारे तपासण्यात आली असून ती बिनचूक असल्याची मी खात्री करून घेतली आहे.' खाली माझं नाव, वैजयंता ढगे, आणि सहीला जागा. माझ्या कराराला वीस दिवस उरले होते, आणि नवा करार त्याच टेबलावर, त्याच पेपरवेटखाली होता. साहेबांनी तो दाखवला नाही. दाखवायची गरजही नव्हती.

मी सही केली. आज इतकी चुरूचुरू बोलते आहे, पण तेव्हा मुकाट्याने सही केली, आणि वर 'थँक्यू सर' म्हणाले. त्या थँक्यूची मला अजून लाज वाटते.

सहाला मी पर्स घेऊन निघाले. मापाच्या खोलीत दिवा दिसला म्हणून डोकावले. भाऊ मशीनवर कापड घालत होते.

"तुम्ही तर चारलाच आवरलं होतं ना?"

भाऊ माझ्याकडे बघेनात. "एक माप घ्यायचं होतं."

"कुणाचं?"

"साहेबांच्या आईचं. आक्कांचं. त्या पण आहेत ना उद्या, नव्वद नंबरला. साहेब स्वतः घेऊन आले. म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये घालू नका, हाताने चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी खिशात घालून घेऊन गेले."

मी तिथेच स्टुलावर बसले. मला राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण आधी हसू आलं. चार वाजल्यापासून मी साहेबांना जे पटवत होते ते त्यांना चारलाच पटलं होतं. एकशे सतरा डोळ्यांना सर्टिफिकेट चालणार होतं. एकशे अठराव्याला मात्र मुजावरभाऊ लागले.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मी म्हणाले.

"तू सही केलीस तेव्हा तू काय बोललीस?" भाऊ म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

बायकांच्या वॉर्डात जेवणं चालली होती. आक्का खिडकीजवळच्या खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. साहेब एवढे मोठे, पण आईला शिबिरातच आणलं होतं. फुकट म्हणून नव्हे, डॉक्टरांचा हात चांगला म्हणून, असं ते सगळ्यांना न विचारता सांगत होते. आक्कांच्या शेजारच्या खाटेवर हौसाबाई लवटे भाकरी कुस्करत होत्या.

"आक्का, मी ढगे. ऑफिसातली."

"ये ग. डोळ्यात थेंब घातलेत, सगळं धुक्यात आहे. बस."

"तुमचं माप परत का घेतलं?"

"मधू म्हणाला कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून."

"बाकीच्यांचं नाही घेतलं."

"त्यांचं दुसऱ्या कॉम्प्युटरवर असेल."

"कॉम्प्युटर एकच आहे, आक्का."

मग मी सगळं सांगितलं. यादी, आकडे, परिपत्रक, माझी सही. आवाज खाली ठेवला होता, पण वॉर्डात भाकरी मोडायचा आवाज थांबला होता.

हौसाबाई म्हणाल्या, "म्हंजी माझ्या डोळ्यात दुसऱ्याचंच भिंग बसतंय व्हय?"

"कुणाचं बसेल ते सांगता येत नाही, मावशी."

"आन् आक्कांच्या डोळ्यात आक्कांचंच."

आक्कांनी चप्पल पायाने चाचपली. "मधूला बोलाव. नको, मीच जाते. हात धर माझा."

जावं लागलं नाही. कुणीतरी आधीच वर जाऊन सांगितलं असावं, कारण साहेब स्वतःच खाली आले. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की माझा करार मला तिथेच फाटलेला दिसला.

"आई, तू झोप. हा ऑफिसचा विषय आहे."

"तुझं ते सर्टिफिकेट खरं आहे का रे?"

"अगदी खरं. आंतरराष्ट्रीय आहे."

"मग माझं माप परत कशाला घेतलंस?"

या प्रश्नाला परिपत्रकात उत्तर नव्हतं.

"काळजीपोटी," साहेब म्हणाले.

"तेच म्हणते मी. काळजी होती म्हणून घेतलंस. मग एवढ्या बायका इथे भरवशावर झोपल्यात, त्यांची काळजी कुणी करायची, त्या भिंतीवरच्या कागदाने?" आक्कांचा आवाज चढला नव्हता. "माझा नंबर शेवटचा लाव. आधी ह्या सगळ्यांची मापं घे. तोवर मी टेबलावर चढायची नाही. आणि उद्या पाहुण्यांनी विचारलं तर का चढले नाही ते मी त्यांना सांगेन. मला काही सर्टिफिकेट टिकवायचं नाही."

मुजावरभाऊ दारात उभेच होते. मापाच्या खोलीत परतून त्यांनी मशीनवरचं कापड काढलं आणि एका जुन्या वहीची कोरी पानं शोधली. भाऊ आकडा सांगत होते, मी पेनने लिहीत होते. वर्षभरात पहिल्यांदाच मी लिहिलेलं कुणी बदलत नव्हतं. रात्री साडेअकरापर्यंत निम्मी मापं झाली, उरलेली सकाळी सहाला सुरू केली. नऊ वाजता उद्घाटन सुरू झालं आणि पाच पाहुण्यांनी मिळून सव्वादोन तास भाषणं केली. राजकारण्यांच्या भाषणांचा जनतेला प्रत्यक्ष उपयोग झालेला मी तेवढाच पाहिला. समारोपाचे आभार चालू असताना शेवटचं माप झालं. एकशे अठरापैकी एक्केचाळीस आकडे यादीत चुकलेले होते. डॉक्टरांना भाऊंनी थिएटरबाहेर गाठून वहीच हातात दिली. ते एक दिवस जास्त राहिले आणि काही विचारलं नाही. शेवटचं ऑपरेशन आक्कांचं झालं.

साहेबांनी अहवाल लिहिला: 'प्रणालीमध्ये कोणताही संसर्ग आढळला नाही. तथापि रुग्णहितार्थ सर्व मापांची हस्तलिखित फेरतपासणी करण्यात आली.' त्यावर रुग्णालयाला पुढच्या वर्षी गुणवत्तेचा विशेष उल्लेख मिळाला. माझा करार अर्थातच वाढला नाही.

पण शेवटचे वीस दिवस माझे होते. मी खणातली सगळ्यांत नवी सीडी टाकली. व्हायरस सापडायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. पडदा लाल झाला आणि एकेका फाइलचं नाव खाली सरकू लागलं. या शिबिराची यादी. पाहुण्यांची यादी. मानांकनाच्या तपासनिसांनी स्वतःच्या फ्लॉपीवरून दिलेली प्रश्नावली, जिची तारीख सगळ्यांत जुनी होती. आणि दोन महिन्यांपूर्वीच्या शिबिराची यादी, शहाण्णव पेशंट.

त्या शिबिरात कुणी दोन कागद शेजारी ठेवून पाहिले नव्हते. एकच प्रिंट काढली होती, ती थिएटरमध्ये गेली आणि भिंगं बसली.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "त्या शिबिराची एकही तक्रार नाही. रजिस्टर बघा."

रजिस्टर बघितलं. खरंच एकही नव्हती. दीड महिन्यांनी चष्म्याच्या तपासणीला या असं प्रत्येकाला सांगितलेलं असतं, पण शंभरातली वीस येतात. बाकीच्यांचा रोज बुडतो, किंवा घेऊन यायला कुणी नसतं. जी आली त्यांना जाड चष्मे देऊन परत पाठवलेलं होतं. चष्मा जाड का, हे रजिस्टरने विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मुजावरभाऊंनी चष्म्याचा नंबर काढायच्या भिंगांची पेटी एका पिशवीत घातली. पेटी रुग्णालयाची होती, पिशवी मटणाची. आम्ही त्यांच्या स्कूटरवरून निघालो आणि यादीतल्या पहिल्या नावापासून सुरुवात केली. कोंडाबाई गायकवाड. घर सापडलं तेव्हा बाई दारात सुपात तूर घेऊन निवडत होत्या, सूप अगदी नाकाजवळ धरून. निवडून झालेल्या तुरीत खडे तसेच दिसत होते.

भाऊंनी त्यांना उजेडात बसवलं आणि डोळ्यापुढे एकेक भिंग धरत गेले. चौथ्या भिंगाला बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी समोरच्या झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सुपाकडे. सुपाकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि एक खडा उचलून बाहेर टाकला.

"मावशी, दोन महिने असं धुरकट दिसत होतं, तर दवाखान्यात का नाही आलात?" मी विचारलं. "तक्रार का नाही केली?"

"तक्रार कुणाची करायची, बाई?" त्या म्हणाल्या. "एवढी मोठी मशिनी तुमची, भितीवर काचंतलं सर्टिफिकेट. म्या म्हनलं, आपरेशन झाल्यावर मानसाला एवढंच दिसत असंल."

भाऊंनी भिंगाचा नंबर वहीत लिहून घेतला. मग आम्ही पुढचं घर विचारत निघालो, अजून पंच्याण्णव नावं बाकी होती.